चांदण्यातले दोन हीटर

बालीगंजच्या काकूंचा आवाज गेला आहे, हे कलकत्त्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये त्या वर्षी दोनच माणसांना माहीत होतं. एक त्यांचे यजमान, आणि दुसरी मी.

बोलण्यात काही कळायचं नाही. मासळीवाल्याशी त्या पूर्वीसारख्याच अस्खलित बंगालीत भांडत, आणि आम्हां बदलीवर आलेल्या लोकांशी पुण्यातल्यासारखं मराठी बोलत. पुण्यात त्या लग्नाकार्यापुरत्याच गेल्या होत्या. जन्म कलकत्त्यातला, वडील इथल्याच शाळेत शिक्षक. आम्ही मात्र तीन शहरं फिरून आलेलो. बाबा रेल्वेत, घर गार्डन रीचच्या कॉलनीत, नदीपासून हाकेवर. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी मला बोलता यायचं ते आईच्या स्वयंपाकघरापुरतं, आणि वाचायला बसले की पहिलीतल्या मुलासारखं बोट फिरवावं लागायचं. बी.एस्सी. झाल्यावर निकाल आणि नोकरी यांच्यामधल्या रिकाम्या महिन्यांत आईने मला दर शनिवारी काकूंकडे धाडायला सुरुवात केली. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी भाजी निवडत ऐकायचं. मी चुकले की त्या मान वर करायच्या, बोलायच्या नाहीत. ते मला फार सोयीचं होतं. चारचौघांत चूक दाखवली की माझं तोंड आठवडाभर उघडत नसे.

उन्हाळ्यात काकूंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. एका शनिवारी बस लवकर मिळाली म्हणून मी वेळेआधी पोचले. दार लोटलेलं होतं. आत काकू गात होत्या. दर कोजागिरीला त्या एक गवळण म्हणत, त्यांच्या आईकडून आलेली. तीच होती. पहिली ओळ नीट आली, जरा पातळ. अंतऱ्याला आवाज वर चढायला लागला आणि मध्येच नाहीसा झाला. तोंड उघडं, मान ताणलेली आणि नुसती हवा. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पाहिलं.

"ऐकलंस?"

मी मान हलवली.

"हळू घेतला तर येतो," त्या म्हणाल्या. "शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येईल इतका. त्याच्या पलीकडे नाही. कोणाला सांगू नकोस. आईलासुद्धा नाही."

"नाही सांगणार."

"तू नाहीच सांगणार. तुझ्याकडून काही काढून घ्यायचं म्हणजे बंद नारळातून पाणी." आणि त्या हसल्या. मग म्हणाल्या, "वाच."

कोजागिरी तोवर काकूंच्या गच्चीवर व्हायची. पंधरावीस माणसं, चटया, खालून चुलीवरून आलेलं दूध. त्या छोट्या गच्चीवर काकूंच्या आवाजाला माईक म्हणजे चेष्टाच झाली असती. एकदा कोणीतरी कुठल्याशा कार्यक्रमातल्या गायिकेचं कौतुक करत होतं, तेव्हा काकू पटकन म्हणाल्या होत्या, "माईक म्हणजे आळशी गळ्याची काठी हो." ते वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की दर वर्षी कोणी ना कोणी ते काढायचंच.

त्या वर्षी मात्र बँकांतून, रेल्वेतून पुष्कळ मराठी कुटुंबं बदलून आली होती. बराकपूरहूनसुद्धा दोन घरं येणार होती. गच्ची पुरणार नाही म्हणून कोजागिरी आमच्या कॉलनीतल्या क्लबच्या हिरवळीवर करायचं ठरलं. ही बातमी मीच शनिवारी काकूंना दिली. त्यांच्या हातातली भेंडी तशीच राहिली.

"उघड्यावर? किती माणसं?"

"शंभराच्या वर असतील."

"माईक असेल?"

"असेल ना."

त्या बराच वेळ भेंडीची टोकं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माईक असला तर गाईन. हळू गायलं तरी कर्ण्यातून मोठं येतं, कोणाला काही कळायचं नाही. नसला तर म्हणेन, घसा बसलाय."

"मग पुढच्या वर्षी गा."

"पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही गं. एकदा घसा बसला म्हटलं की लोक जपायला लागतात. सतरंजीवर जागा करून देतात, 'काकू, तुम्ही बसा हं'. आणि माईकशिवाय गायले तर माना पुढे काढून ऐकतील. कीव करतील. ते मला सोसायचं नाही."

"बाबांना सांगू का, माईक हवाच म्हणून?"

"कोण म्हणतं हवा? मी? काठी मागू आता?"

मी पुस्तकाचं पुढचं पान उघडलं.

आठ दिवसांनी आमच्या घरी बैठक भरली. बाबा, आणखी तीनचार जण, आणि रेल्वेच्या वीज खात्यातले एक अधिकारी. आम्ही मुलं त्यांना इंजिनिअरकाका म्हणत असू. मोठे गमतीशीर गृहस्थ, पण विजेच्या बाबतीत देवाच्या बापालाही सूट देणार नाहीत. स्त्रियांच्या बाजूने मावशी आल्या होत्या. मावशी म्हणजे एका बँक मॅनेजरच्या पत्नी. दुधाचं खातं त्यांचं, आणि ते त्यांच्याकडून घ्यायची कोणाची छाती नव्हती. मी चहाचे कप आणत होते, नेत होते, आणि दाराशी उभी राहून ऐकत होते.

"क्लबवाले आपल्याला त्यांच्या लाइनवरून वीज देणार," इंजिनिअरकाका म्हणाले. "तीन किलोवॅट. त्याच्यावर गेलो तर फ्यूज जाईल, आणि फ्यूज गेला तर क्लबात पत्ते खेळणारे आपल्या नावाने शंख करतील. आता सांगा, काय काय लावायचं?"

"दिवे," बाबा म्हणाले. "डेकोरेटर शंभराचे अठरा बल्ब देतोय. दुर्गापूजा संपली, त्याचं सामान रिकामंच पडलंय."

"अठराशे. पुढे?"

"दोन हीटर," मावशी म्हणाल्या. "हजारहजाराचे."

"हीटर कशाला? दूध घरून गरम करून आणा."

"आटवून घरूनच आणणार. पण शेवटची उकळी चंद्राखाली यायला हवी. चंद्र दुधात दिसला पाहिजे, आणि दूध उकळत असताना दिसला पाहिजे. आमच्याकडे असंच आहे."

"शेगडी पेटवा मग."

"हिरवळीवर कोळसा पेटवायला क्लबची बंदी. आणि रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत तुम्ही उभे राहता का, भाऊजी?"

सगळे हसले. इंजिनिअरकाकांनी हात जोडले. "हीटर दोन. अडतीसशे झाले. म्हणजे गेलो वर."

"जनरेटर आणू या," कोणीतरी म्हणालं.

"आणा. तो एवढा धडधडतो की एकमेकांशी बोलायलाही माईक लागेल. दिवे निम्मे करा. नऊशे आणि दोन हजार, एकोणतीसशे. बसलं!" त्यांनी मांडीवर थाप मारली.

"माईक राहिला," बाबा म्हणाले.

"अँप्लिफायर खातो दीडशे. पुन्हा वर गेलो. शिवाय लांब तारेवर एवढे हीटर ओढले की शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. अँप्लिफायर घुंऽऽ करत बसेल. माईक काढून टाका."

"आणि गाणी?"

"कोणाची? बालीगंजच्या वहिनींची? त्यांच्या आवाजाला माईक? अहो, नदीपलीकडच्या बागेतल्या वडाला ऐकू जाईल तो. आणि त्या काय म्हणतात ते ठाऊक आहे ना? आळशी गळ्याची काठी!"

पुन्हा हशा. मावशीसुद्धा हसल्या. त्यांच्या हसण्यात काकूंबद्दल अभिमानच होता. म्हणून मला जास्त भीती वाटली. कोणी वाईट मनाने माईक काढत नव्हतं. सगळ्यांच्या कानांत गच्चीवरचा जुना आवाज होता, आणि त्याच्याच भरवशावर ते माईक काढत होते.

माझ्या हातात ट्रे होता. सांगितलं तर काकूंचा विश्वास गेला, नाही सांगितलं तर त्यांचं गाणं गेलं. मी मनात पुन्हा पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. मग माझ्या लक्षात आलं की तीत काहीतरी वेडगळ आहे. पण ते बोलायचं मराठीतून, आणि तेही इतक्या माणसांपुढे.

"काका," मी म्हणाले. पहिल्यांदा कोणालाच ऐकू गेलं नाही. आईने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, "काका, दूध उकळत असताना दिवे कशाला हवेत?"

"म्हणजे?"

"चंद्र दुधात बघायचाय ना? मग तेव्हा दिवे बंदच असणार. शंभराचा बल्ब डोक्यावर असला तर पातेल्यात बल्बच दिसेल."

मावशींनी जोरात टाळी दिली, ट्रे धरलेल्या माझ्या मनगटावरच. एक बशी खाली गेली.

"बघा! पौर्णिमेच्या चांदण्यासाठी अठरा बल्ब मागवतायत हे रेल्वेवाले!"

"मग आधी जेवणाच्या वेळी दिवे लावायचे, हीटर बंद," मी फुटलेले तुकडे गोळा करत म्हणाले. खाली बघून बोलणं सोपं जात होतं. "नंतर दिवे बंद, हीटर चालू. दोन्ही एका वेळी नाहीतच. मग माईकला जागा होते."

इंजिनिअरकाका खुर्चीत मागे रेलले. "चंद्राला मी हिशेबात धरलाच नाही," ते म्हणाले. "पण माईकचा एवढा हट्ट कोणाचा आहे? तुझा? तू गाणार आहेस का गं?"

"नाही, नाही." माझे कान तापले. "लहान मुलांना गोष्ट सांगायची असेल... कोणाला."

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले. मी कधी नव्हे ते बोलले याचंच त्यांना अप्रूप वाटत असावं. "जागा आहे तर असू दे माईक."

इंजिनिअरकाकांनी बोट वर केलं. "पण दोनच हीटर. तिसरा लावलात तर मी जबाबदार नाही."

"तिसरा कोण आणतंय?" मावशी म्हणाल्या.

कोजागिरीच्या दिवशी कलकत्त्यात लक्ष्मीपूजा असते. संध्याकाळी कॉलनीतल्या बंगाली घरांच्या उंबऱ्यांवर तांदळाच्या पिठाची पावलं उमटली होती आणि एकेका घरातून शंख ऐकू येत होता. लांबची माणसं उन्हं असतानाच आली. शहर अशांत होतं, उशिरापर्यंत बाहेर राहायचे ते दिवस नव्हते, बराकपूरच्या लोकांना तर सियालदाहून गाडी गाठायची होती. सगळं नऊच्या आत आटपायचं होतं. लोडशेडिंगचं काय, असं प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत होता. इंजिनिअरकाका म्हणत होते, "आज लक्ष्मी घरोघर फिरते. तिच्या वाटेवर अंधार करायला सरकारही घाबरतं."

काकू फिक्या पिवळ्या साडीत आल्या. पदर मानेभोवती घेतला होता. कोणीतरी म्हणालं, "काकू, यंदा काठी आहे हो तुमच्यासाठी," आणि त्या म्हणाल्या, "म्हातारी झाले, चालायचंच." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी कुठेतरी कडेलाच असणार हे त्यांना माहीत होतं.

जेवणं झाली. चंद्र झाडांच्या वर आला तसे इंजिनिअरकाकांनी दिवे घालवले. शंभर माणसं एकदम "हाऽऽ" म्हणाली. डोळे सरावेपर्यंत काहीच दिसेना, मग हळूहळू गवत, पांढरे सदरे आणि नदीच्या बाजूची भिंत दिसायला लागली. हिरवळीच्या टोकाला मावशींची पातेली होती. त्यांच्याखाली हीटरच्या तारा तापून दोन लाल वर्तुळं झाली. सबंध हिरवळीवर उजेड म्हणायचा तर तेवढाच, आणि अँप्लिफायरच्या डब्यावरचा एक बारीक दिवा.

काकू माईकसमोर बसल्या आणि त्यांनी गवळण सुरू केली.

आवाज पातळच होता. पण कर्ण्यातून तो मोठा होऊन सगळ्यांवर पसरला, आणि त्या पातळपणातही काहीतरी नवीन होतं, कानाशी येऊन कोणी सांगावं तसं. लोक जुन्या आवाजाची वाट पाहत होते, ते मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. मग ते वाट पाहायचं विसरले. माझ्या पुढ्यातल्या एका बाईंनी मांडीवरच्या मुलाला थोपटणं थांबवलं.

पहिलं कडवं संपत असताना आवाज खाली गेला. मला वाटलं, त्यांनीच घेतला. मग कर्णा घरघरला. मी अँप्लिफायरकडे पाहिलं, तर त्याचा दिवा मंद झाला होता. आणि हिरवळीच्या टोकाला लाल वर्तुळं तीन होती.

मी उठले. वाकून, लोकांच्या चपला चुकवत, मावशींपर्यंत पोचले. त्या तिसऱ्या पातेल्याला वारा लागू नये म्हणून आडव्या बसल्या होत्या.

"मावशी, तिसरा हीटर."

"अगं, एवढंसं दूध राहिलंय. दोन हीटरवर केव्हा उकळणार? लोकांना गाड्या गाठायच्यात."

"काकांनी दोनच सांगितलेत. माईक बंद पडतोय."

"पडू दे की. तिला माईक कशाला हवा? म्हणेल ती तशीच."

अंतरा जवळ येत होता. मला ती चाल आता पाठ होती. मी काही बोलू शकत नव्हते. वचन होतं. मी मावशींच्या दंडाला हात लावला. मी कोणाला हात लावणारी नव्हते.

"मावशी, ऐका ना जरा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली आणि खरंच ऐकलं. काकू गात होत्या. कर्ण्यातून घरघरीमागे एक बारीक ओळ येत होती आणि जवळजवळ मिटत होती. मावशींनी काकूंना किती वर्षं ऐकलं होतं कोण जाणे. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"हो का," त्या हळूच म्हणाल्या. विचारल्यासारखं नव्हतं ते.

मग त्यांनी तिसरा हीटर बंद केला. आणि दुसरा. आणि पहिला. मी म्हणाले, "मावशी, दोन चालतील." त्यांनी हातानेच मला गप्प केलं. लाल वर्तुळं एकेक करून काळी पडली. दूध उकळीच्या अगदी जवळ आलं होतं, कडेला बुडबुडे धरले होते, ते बसले.

कर्णा साफ झाला. काकूंनी अंतरा घेतला, हळू, जराही न ताणता, आणि वरच्या सुरावर आवाज टिकला. फार वेळ नाही, पण टिकला. शेवटच्या सतरंजीवरचे बराकपूरचे आजोबासुद्धा मान पुढे न काढता ऐकत होते.

गाणं संपल्यावर मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांना माईकची गरज पडली नाही. "दूध यंदा कोमट आहे!" त्या ओरडल्या. "गरम हवं असेल त्यांनी घरी जाऊन तापवावं. चंद्र बघून घ्या आधी, रांगेने या!"

"का हो, हीटरला काय झालं?" इंजिनिअरकाकांनी विचारलं.

"तुमची वीज," मावशी म्हणाल्या, "उधार घेतलेली ती उधार घेतलेलीच."

ते बिचारे बॅटरी घेऊन तारा तपासत बसले.

काकू माझ्याजवळ आल्या तेव्हा मी पेले भरत होते. एक पेला घेऊन त्यांनी चंद्र पाहिला, घोट घेतला.

"माईक ठेवायचा म्हणून काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. दिवे बंद करायला सांगितलं."

त्या हसल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "तिला कळलं."

"मी नाही सांगितलं, काकू."

"ठाऊक आहे. तिथून मला एवढंच दिसत होतं, ते लाल गोल. माईक जायला लागला तेव्हा मी ठरवलं, हे कडवं झालं की थांबायचं. खोकायचं आणि उठायचं. मग एक गोल विझला. मग दुसरा. तिसराही विझला तेव्हा म्हटलं, आता थांबणं बरं दिसणार नाही."

तेवढ्यात मावशी रिकामं पातेलं कमरेवर घेऊन आल्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कोणी काहीतरी बोलेल असं मला वाटलं, गळ्याबद्दल, ऑपरेशनबद्दल. मावशींनी पदराने पातेल्याची कड पुसली.

"वहिनी, पुढच्या वर्षी दूध मी घरूनच उकळून आणीन. थर्मासमधून."

"आणि चंद्र?" काकूंनी विचारलं. "उकळत असताना दिसायला हवा ना? तुमच्याकडे तसं आहे."

"झाकण उघडून दाखवू त्याला," मावशी म्हणाल्या. "तुम्ही फक्त गवळण केव्हा म्हणणार ते सांगा, म्हणजे झाकणं त्याआधीच उघडून घेऊ."

"सांगेन," काकू म्हणाल्या, आणि पेला पुढे केला. "आणखी आहे का? कोमटच बरं लागतंय घशाला."